ओएलईडी टीव्ही घ्यायचाय? आधी आपला हॉल बघा

माझ्या सासऱ्यांच्या नाशिकच्या घरातल्या टीव्हीवर तळाशी एक पट्टा आहे. एरवी तो दिसत नाही. मालिका चालू असो की सिनेमा, पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. पण कबड्डीची मॅच लागली आणि पडदाभर ती पिवळी-नारिंगी मॅट पसरली, की खालच्या बाजूला चार बोटं रुंदीचा भाग किंचित हिरवट, मळकट दिसायला लागतो. वर उजव्या कोपऱ्यात तसाच एक चौकोनी डाग. बाबांच्या आवडत्या बातम्यांच्या चॅनेलची ती लाल पट्टी आणि तो त्याचा लोगो. चॅनेल बदललं, सेट-टॉप बॉक्स काढला, टीव्ही बंद करून पुन्हा लावला, तरी जात नाही. पट्टी पडद्यात मुरली आहे.

लाखावर रुपये मोजून घेतलेल्या ओएलईडी टीव्हीची अडीच वर्षांत ही गत. आणि त्याच जातीचा टीव्ही आमच्या पुण्याच्या घरात पाचव्या वर्षात आहे. त्यावर डाग शोधून सापडत नाही, आणि रात्री दिवे मालवून त्याच्यासमोर बसलं की मला अजूनही पहिल्या दिवसासारखंच वाटतं.

गेल्या महिन्यात डोंबिवलीहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, आमचा जुना टीव्ही गेला. दुकानदार ओएलईडीच घ्या म्हणतोय. तुमचा चांगला चाललाय, बाबांचा बिघडला. मग आम्ही काय करायचं?" तिला फोनवर जे सांगितलं ते नीट सविस्तर लिहावं असं वाटलं, कारण हा प्रश्न कंपनीचा किंवा मॉडेलचा कमी आणि घराचा जास्त आहे.

आधी नावांचा गुंता सोडवू

दुकानात एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी आणि ओएलईडी अशी चार नावं कानावर पडतात आणि सगळी एकाच घराण्यातली वाटतात. प्रत्यक्षात पहिली तीन एका घरची आणि ओएलईडी वेगळ्या घरची.

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडी टीव्ही. त्याच्या पाठीमागे दिवे लावलेले असतात, ते एलईडी. पुढे द्रवस्फटिकांचा थर असतो. हे स्फटिक खिडकीच्या झडपांसारखं काम करतात: वळले की उजेड पुढे येतो, मिटले की अडतो. गंमत अशी की झडप कितीही घट्ट लावली तरी मागे दिवा जळतच असतो आणि फटींतून थोडा उजेड झिरपतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत एलसीडी टीव्हीवरचा काळा रंग काळा नसतो, राखाडी असतो. क्यूएलईडी म्हणजे याच रचनेत क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा एक थर वाढवलेला. त्याने रंग जास्त शुद्ध होतात. मिनी-एलईडी म्हणजे मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ करून त्यांचे गट पाडलेले, म्हणजे चित्राचा जो भाग काळा असेल तिथला गट मंद करता येतो.

ओएलईडीमध्ये मागचा दिवाच नाही. 'ओ' म्हणजे ऑरगॅनिक. इथे त्याचा अर्थ सेंद्रिय शेतीतला नव्हे, तर कार्बनी संयुगांचा. या संयुगांचे कागदाहून कितीतरी पातळ थर देऊन त्यांतून वीज सोडली की ते स्वतः उजळतात. फोर-के पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके असतात, म्हणजे एकूण ८२,९४,४००. ओएलईडीत या जवळपास ८३ लाख ठिपक्यांतला प्रत्येक जण आपापली पणती आहे. उजेड हवा तिथे पेटते, काळं हवं तिथे पूर्ण विझते. मिनी-एलईडी टीव्हीत समजा दिव्यांचे हजार गट असले, तर एका गटाच्या वाट्याला आठ हजारांवर ठिपके येतात. त्यांतल्या एका ठिपक्याला उजेड हवा असला तरी सगळ्यांच्या मागचा दिवा लावावा लागतो, आणि म्हणून काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती धुरकट वलय येतं.

ही पणत्यांची उपमा लक्षात ठेवा. टीव्हीचे गुणही त्यातूनच कळतात आणि बाबांच्या टीव्हीचं दुखणंही.

हे तंत्र काल-परवाचं नाही. ईस्टमन कोडॅक या फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोन शास्त्रज्ञांनी १९८७ साली व्यवहारात वापरता येईल असा पहिला ओएलईडी दाखवला. टीव्ही व्हायला पुढची वीस वर्षं गेली: सोनीने २००७ मध्ये विकायला आणलेला पहिला ओएलईडी टीव्ही फक्त ११ इंचांचा होता. मोठे, ५५ इंची ओएलईडी २०१३ मध्ये आले. त्या वर्षी एलजी आणि सॅमसंग दोघेही उतरले होते. पुढे सॅमसंगने मोठ्या ओएलईडी टीव्हीतून माघार घेतली आणि २०२२ मध्ये वेगळ्या पद्धतीचा पडदा घेऊन पुन्हा आली. आज बाजारात हेच दोन मुख्य प्रकार आहेत. एलजीच्या पद्धतीत पांढरा उजेड रंगीत गाळण्यांतून जातो आणि जोडीला एक बिनगाळणीचा पांढरा ठिपका असतो. सॅमसंगच्या पद्धतीत निळा उजेड क्वांटम डॉटवर पडून त्याचा लाल आणि हिरवा होतो. याला क्यूडी-ओएलईडी म्हणतात. सोनी दोन्ही प्रकारचे पडदे वापरते. म्हणजे नाव कुठलंही असलं तरी आतला मोठा पडदा बहुतेक वेळा या दोन घरांपैकी एकाचा.

काळा रंग इतका का महत्त्वाचा?

आषाढी एकादशीला पहाटे पंढरपूरची महापूजा सह्याद्री वाहिनीवर दाखवतात. आम्ही दरवर्षी उठून बघतो. चकाकती चांदी आणि तिच्यापुढे काळ्या पाषाणाची मूर्ती. कुठल्याही टीव्हीची परीक्षा घ्यायला यापेक्षा अवघड दृश्य सापडणार नाही, कारण अगदी उजळ आणि अगदी काळं एकमेकांना चिकटून आहेत. आमच्या जुन्या टीव्हीवर मूर्ती नेहमी राखाडी दिसायची, जणू तिच्यावर पिठाचा हात फिरला आहे. ओएलईडी आला त्या वर्षी अभिषेकाचं पाणी मूर्तीवरून ओघळताना खांद्यावर उजेडाची बारीक रेघ दिसली आणि तिच्या शेजारीच काळं काळंच राहिलं. सासूबाई हात जोडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आज सावळा दिसतोय."

डोळ्यांना चित्र जिवंत वाटतं ते ठिपक्यांच्या संख्येपेक्षा उजेड आणि अंधार यांच्यातल्या अंतरामुळे. याचा हिशोब करता येतो. ५५ इंची टीव्हीचा पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद असतो. त्यात फुल एचडीचे १,९२० ठिपके बसवले तर एक ठिपका ०.६३ मिलिमीटरचा. निरोगी डोळ्यांना एक मीटरवरून साधारण ०.३ मिलिमीटरपर्यंतचं सुटं दिसतं. म्हणजे दोन-सव्वादोन मीटर, सात फुटांच्या पलीकडे गेलात की फुल एचडीचेही ठिपके वेगळे ओळखू येत नाहीत. आपल्या हॉलमध्ये सोफा आठ-दहा फुटांवर असतो. त्यामुळे फोर-के की एट-के या वादात पैसे घालवण्यात अर्थ नाही. एवढ्या लांबूनही जो फरक डोळ्यांना जाणवतो तो काळेपणाचा.

आणखी एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतात. पुष्कळशा एलसीडी टीव्हींवर बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आपल्या घरात सगळे काही सोफ्याच्या मधोमध बसत नाहीत. कुणी दिवाणावर आडवं, कुणी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, पोरं खाली चटईवर. ओएलईडी बाजूनेही जवळपास तसाच दिसतो. घर भरलेलं असेल तर हा गुण काळ्या रंगाच्या खालोखाल मोलाचा.

वेगही चांगला. द्रवस्फटिकांना वळायला काही मिलिसेकंद लागतात. ओएलईडीचा ठिपका मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात बदलतो. म्हणून सीमारेषेकडे धावणाऱ्या चेंडूमागे शेपूट उमटत नाही, आणि गेम खेळणाऱ्यांना हा पडदा आवडतो. याची उलट बाजू सिनेमात दिसते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा; कॅमेरा सावकाश आडवा फिरला की ओएलईडीवर दृश्य हलके हिसके देत सरकतं. काहींना ते खुपतं, काहींच्या लक्षात येत नाही. मला पहिले दोन महिने खुपलं, आता नाही.

दुपारी चारचा हॉल

आता नणंदेच्या घराकडे येऊ. डोंबिवलीचा फ्लॅट, हॉलला पश्चिमेची बाल्कनी, काचेचं सरकतं दार. दुपारी तीननंतर सूर्य थेट आत. तिला मी एक साधं काम सांगितलं: मोबाइलचा पडदा बंद कर, दुपारी चार वाजता टीव्ही टांगायच्या जागी भिंतीला टेकवून कुणाला तरी धरायला सांग, आणि तू सोफ्यावर बसून बघ त्यात काय दिसतंय. तिने फोटो पाठवला. मोबाइलच्या काळ्या काचेत बाल्कनीचं ग्रिल, दोरीवरचे कपडे आणि समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी स्वच्छ दिसत होती.

ओएलईडीचा काळा म्हणजे उजेडाचा अभाव. तिथे बाहेरचा उजेड येऊन पडला की काळेपण संपलं. अंधारात ज्याच्यासाठी जास्तीचे पैसे दिले, तोच गुण भर दुपारी दिसत नाही. क्यूडी-ओएलईडीचा पडदा तर भरपूर उजेडात काळ्याऐवजी किंचित जांभळट-करडा दिसतो, कारण त्यावर बाहेरचा उजेड शोषणारी ध्रुवण-गाळणी नसते. हल्ली काही महागड्या मॉडेलांवर चकाकी घालवणारा मॅट पडदा येतो. त्यात प्रतिबिंब पुसट होतं, पण काळ्यावर पांढुरकी झाक येते.

उजळपणा निटमध्ये मोजतात. ओएलईडीत एक मर्यादा आहे: सगळ्या पणत्या एकदम पूर्ण ताकदीने पेटवल्या तर पडदा तापेल आणि लवकर झिजेल, म्हणून टीव्ही स्वतःच त्यांना आवरतो. काळ्या आकाशातला एखादा दिवा हजार निटने झळकू शकतो, पण पूर्ण पडदा पांढरा झाला की गेल्या काही वर्षांतले मधल्या किमतीचे ओएलईडी दोनशेच्या आसपास उतरतात. चांगला मिनी-एलईडी पूर्ण पांढऱ्या पडद्यालाही पाचशे-सहाशे सहज देतो. दिवसाची क्रिकेट मॅच म्हणजे पडदाभर उजळ हिरवं मैदान आणि वर पांढरं आकाश. अशा वेळी उजेडाच्या हॉलमध्ये ओएलईडी मलूल वाटतो. एलजीच्या पडद्यांत २०२३ मध्ये बारीक भिंगांचा थर आला आणि २०२५ मध्ये उजेड देणारे थर वाढवले. त्याने वरच्या मॉडेलांत ही उणीव बरीच भरून निघाली आहे. पण ती मॉडेलं बरीच महाग असतात. लाखाच्या आगेमागे मिळणाऱ्या ५५ इंचीत ती सोय मिळत नाही.

खिडक्यांना जाड पडदे लावून काम भागेल का? भागतं, आमचं भागतं. पण आम्ही दोघंही नोकरी करतो आणि टीव्ही रात्री साडेनऊनंतरच लागतो. घरात दिवसभर माणसं असतील तर टीव्हीसाठी हॉल अंधारा करून ठेवणं कुणाच्या अंगवळणी पडत नाही, आणि पडावंही असं मला वाटत नाही.

पणतीतलं तेल

बाबांच्या टीव्हीत बिघाड असा काहीच नाही. झीज झाली आहे. ओएलईडीची ती कार्बनी संयुगं उजळता उजळता हळूहळू क्षीण होतात, पणतीतलं तेल संपावं तशी. फक्त ते परत भरता येत नाही. सगळ्या पणत्या सारख्या जळल्या असत्या तर पडदा एकसारखा किंचित मंद झाला असता आणि कुणाला कळलंही नसतं. पण बाबांकडे सकाळी सहाला बातम्या लागतात आणि रात्री झोपताना बंद होतात. मधली वेळ सोडून दिवसाला दहा तास धरले तरी अडीच वर्षांत नऊ हजार तासांहून अधिक. तेवढे तास पडद्याच्या तळाशी तीच भडक लाल पट्टी. तिथल्या लाल ठिपक्यांचं तेल इतरांच्या आधी खाली गेलं. म्हणून जिथे लाल आणि हिरवा मिळून पिवळा-नारिंगी बनतो, तिथे त्या पट्ट्यात लाल कमी पडतो आणि मॅट हिरवट दिसते. याला बर्न-इन म्हणतात. नाव जळण्याचं असलं तरी काही जळत नाही. असमान झीज, एवढंच.

आमच्याकडे दिवसाला तीन तास, कधी मालिका, कधी सिनेमा, कधी मॅच. चार वर्षांचे चार-साडेचार हजार तास झाले, पण एकच चित्र एका जागी तासन् तास राहिलं नाही.

टीव्ही स्वतःची काळजीही घेतो. चित्र एखाद-दोन ठिपक्यांनी गुपचूप सरकवतो, लोगो ओळखून तेवढा भाग मंद करतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम तो बंद झाल्यावर करतो. बहुतेक ओएलईडी टीव्हींत एकूण चार तासांचा वापर झाला की रिमोटने बंद केल्यानंतर काही मिनिटं आतल्या आत ठिपक्यांची मोजणी चालते, आणि झिजलेल्यांना थोडी जास्त वीज देऊन सगळं सारखं केलं जातं. त्यासाठी भिंतीवरचं बटण चालू लागतं.

इथेच आपल्याकडे घोळ होतो. झोपायच्या आधी बोर्डावरचं बटण बंद करायचं, ही आपल्या आईवडिलांनी आयुष्यभर पाळलेली आणि चांगली सवय. बाबाही रिमोटने टीव्ही बंद करून लगेच बटण खाली करायचे. म्हणजे अडीच वर्षांत ती दुरुस्ती एकदाही धड पूर्ण झाली नसणार. विकताना त्यांना कुणी हे सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही, कारण तेव्हा मला माहीत नव्हतं. दहा तास बातम्या बघणाऱ्या घरात नुसत्या या सवयीने टीव्ही वाचला असता असं मी म्हणणार नाही, पण झीज नक्कीच उशिरा दिसली असती. तुम्ही ओएलईडी घेतलात तर घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींसकट, हे सांगून ठेवा: रिमोटने बंद करा, बटण राहू द्या. वीज कडाडायला लागली तर मात्र आधी प्लग काढा; तिथे दुसरा विचार नको. मेनूमध्ये हीच सफाई हाताने करायचीही सोय असते, तासभर चालणारी. ती उठसूट वापरू नका, तिनेही तेल थोडं खर्च होतंच.

पडद्यावर काही अडलेलं चित्र ठेवून उठून जाऊ नका. सेट-टॉप बॉक्सचा मेनू, थांबवलेला गेम, गाण्याच्या चॅनेलचा लोगो, सगळं त्यातच आलं. आणि घेण्याआधी वॉरंटीचा कागद वाचा. बर्न-इन बहुतेक वेळा वगळलेलं असतं. बाबांनी तक्रार नोंदवली तेव्हा आलेल्या मुलाने तेच दाखवलं, आणि नवा पडदा टाकायचा खर्च सांगितला तो नव्या टीव्हीच्या जवळ जाणारा होता.

बघता काय, हा हिशोबही करा

केबलवरची साधी, एचडी नसलेली चॅनेलं बघत असाल तर ओएलईडीवर ती जास्त चांगली दिसत नाहीत. उलट कमी दर्जाच्या प्रक्षेपणात अंधाऱ्या भागांत चौकोनी ठिगळं पडतात, आणि राखाडी टीव्हीवर झाकली जाणारी ती ठिगळं इथे उघडी पडतात. निदान मराठी वाहिन्यांचं एचडी पॅक तरी घ्या. ओटीटीचंही तसंच: नेटफ्लिक्सवर फोर-के चित्र फक्त सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये मिळतं, आणि त्यासाठी १५ एमबीपीएसचा सलग वेग ते सुचवतात. उजेड आणि अंधाराचे बारकावे नीट दाखवण्यासाठी चित्राचे काही खास प्रकार असतात: सॅमसंगच्या टीव्हीत त्यांतला डॉल्बी व्हिजन चालत नाही, ते एचडीआर१० प्लस वापरतात. माझ्या मते यावर निर्णय अडवू नये, माहीत मात्र असावं.

आवाज? पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते. साउंडबारचे दहा-पंधरा हजार बजेटमध्ये आधीच धरा.

पैशांचं म्हणाल तर ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत एक लाख असेल तर पूर्वी १,२८,००० पडायचे, आता १,१८,०००. आणखी वाचवायचे असतील तर नवा-कोरा मॉडेल घेण्याऐवजी गेल्या वर्षीचा शोधा. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुमाराला नवी मॉडेलं येतात आणि जुन्यांची किंमत उतरायला लागते. मधल्या किमतीच्या मॉडेलांत दोन वर्षांतला फरक शेजारी ठेवूनच कळेल इतका असतो. वाढीव वॉरंटी मी एरवी कुणाला सुचवत नाही, ओएलईडीसाठी सुचवते, कारण यात महाग वस्तू एकच आहे, पडदा. विजेचं बिल मनात आणू नका: शंभर वॉट धरले आणि रोज पाच तास लावला तर महिन्याला पंधरा युनिटं.

त्याच लाखात ६५ इंची चांगला मिनी-एलईडी येतो. म्हणजे खरी निवड ५५ इंची ओएलईडी की ६५ इंची मिनी-एलईडी अशी असते. दहा फुटांवरून बघणाऱ्या घराला दहा इंच जास्तीचे रोज, दिवसरात्र दिसतात. काळा रंग रात्रीच दिसतो.

दुकानात बघायला जाल तेव्हा तिथल्या झगमगाटात ओएलईडी हमखास हरतो, आणि डेमोची काळ्या पार्श्वभूमीवरची फुलं लावली की हमखास जिंकतो. दोन्हींवर विश्वास ठेवू नका. चित्राचा मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'वर आणायला सांगा, आपल्या फोनवरून एखादी मॅच लावा, आणि एका कोपऱ्यातून बघा. घरी खोका आल्यावर दोघांनी मिळून उभाच न्या, आडवा नको, आणि उचलताना पडदा मध्यावर दाबू नका. काच खरोखर पातळ असते. लावून झालं की माणूस जायच्या आत यूट्यूबवरून सपाट राखाडी पडदा लावून उभे पट्टे किंवा मेलेले ठिपके आहेत का बघा. हलके पट्टे बऱ्याचदा असतात आणि वापरात पुसट होतात. ठळक असतील तर तिथेच लिहून घ्या.

बाबांकडे या गुढीपाडव्याला ६५ इंची मिनी-एलईडी आला. बातम्या आता त्याच्यावर चालतात, बटण रात्री खाली होतं, आणि कुणाला काही बोलावं लागत नाही. जुना ओएलईडी आतल्या खोलीत गेला. तिथे खिडकी एकच, पूर्वेची. सासूबाई रात्री जुने कृष्णधवल सिनेमे लावतात त्यावर. कृष्णधवल चित्रात तो पट्टा नीट बघितला तर दिसतो, पण त्या म्हणतात त्यांना दिसत नाही.

नणंदेने मात्र अजून घेतलेला नाही. हॉलसाठी मिनी-एलईडी हे तिचं ठरलं आहे, ग्रिल आणि टाकीचा तो फोटो बघून. पण तिच्या मुलाची अभ्यासाची खोली उत्तरेला आहे, रात्री अकरानंतर ती आणि तिचा नवरा तिथे बसून सिनेमे बघतात, आणि गेल्या वर्षीचा एक ४८ इंची ओएलईडी तिने हेरून ठेवला आहे. परवा विचारत होती, "त्या खोलीतल्या भिंतीवर मोबाइल रात्री धरून बघू का?" मी म्हटलं, बघ. फोटो अजून यायचा आहे.